शहाण्णव वजा एकाहत्तर

इटियाडोह धरणाचा परिसर अर्जुनी मोरगाव तालुक्यात येतो. इथल्या अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला नेमणूकपत्र देते संस्था, नेमणुकीला मान्यता देते नागपूर विद्यापीठ आणि पगार येतो राज्याच्या तिजोरीतून. मग प्राध्यापकांच्या संघटनेने बोलणी करायची कोणाशी?

तेव्हा लागू असलेल्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ मधले कलम ८ याचे उत्तर देत होते. शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठाला नवी पदे निर्माण करता येत नव्हती, वेतन-भत्ते बदलता येत नव्हते. म्हणजे कुलगुरूंनी मनात आणले असते तरी पगाराबाबत शब्द देणे त्यांच्या हाती नव्हते. विद्यापीठाच्या हाती होत्या त्या परीक्षा. संघटनेने नेमके तिथेच बोट ठेवले, ते यामुळेच असावे.

४ फेब्रुवारी २०१३ पासून राज्यभरच्या प्राध्यापकांच्या महासंघाने, एमफुक्टोने, परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. नागपूर आणि अमरावती विद्यापीठांतली ‘नुटा’ ही याच महासंघाची घटक संघटना. प्रमुख मागण्या दोन: सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या प्राध्यापकांच्या सेवेला मान्यता. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १० मे रोजी बहिष्कार संपला.

त्यानंतर ४८ दिवसांनी, २७ जून २०१३ चा शासन निर्णय निघाला. तो सावकाश वाचावा असा आहे. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या बिगर नेट-सेट प्राध्यापकांच्या सेवा त्याने नियमित केल्या, पण निर्णयाच्या दिनांकापासून. १९९३ साली लागलेल्या माणसाची वीस वर्षे त्या एका तारखेने टांगणीला लागली. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, हा नियम शेजारी ठेवला की पुढची भांडणे पेन्शनवर का गेली ते उलगडते. मागणी मान्य झाली, मागची सेवा मात्र वादातच राहिली, असे मी यावरून म्हणतो.

आता आकड्यांकडे. ४ फेब्रुवारी ते १० मे, दोन्ही दिवस धरून, ९६ दिवस होतात. प्राध्यापकांच्या सप्टेंबर २०१८ च्या संपातल्या मागण्यांत मात्र या बहिष्कारकाळातले ‘७१ दिवसांचे रोखलेले वेतन’ असा उल्लेख येतो. मधले २५ दिवस कुठले? २०१३ चे कॅलेंडर काढले, तर या काळात १३ रविवार सापडतात. शिवजयंती, धुलिवंदन, गुड फ्रायडे, गुढीपाडवा, रामनवमी, महावीर जयंती आणि महाराष्ट्र दिन या सात सुट्ट्या रविवारी आलेल्या नाहीत. बेरीज २०. सुट्ट्या वगळूनच कपात मोजली असावी, हा तर्क इथपर्यंत छान चालतो, आणि पाच दिवसांपाशी अडतो. ते पाच दिवस उन्हाळी सुटीतले असू शकतील. पण हा निव्वळ अंदाज आहे. त्याची शहानिशा मुंबईतल्या कागदांवर होणार नाही. फेब्रुवारी ते मे २०१३ ची वेतन देयके आणि हजेरीपट महाविद्यालयागणिक ताडून पाहावे लागतील, अर्जुनी मोरगावचेही.