भीमथडीचे तट्टू : देहाची घडण आणि मोहिमेचा पल्ला

मराठीत ‘तट्टू’ हा शब्द बहुधा हिणवण्यासाठीच वापरला जातो. पैशासाठी कोणाचीही बाजू घेणाऱ्या माणसाला आपण ‘भाडोत्री तट्टू’ म्हणतो. आणि तरीही महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या राजा बढे यांच्या गीतात भीमथडीची हीच तट्टे यमुनेशी जोडली गेली आहेत. एकाच शब्दाला चिकटलेला हा तुच्छभाव आणि हा अभिमान यांपैकी कोणीही या प्राण्याच्या देहाकडे नीट पाहिलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. दख्खनच्या या ठेंगण्या घोड्याची शरीररचना कोणत्या कामाला अनुकूल होती व कोणत्या कामाला प्रतिकूल, हा प्रश्न मराठ्यांच्या लष्करी इतिहासाच्या मुळाशी आहे. तो आपण फारसा विचारला नाही.

घोडा पाहण्याची आपली जुनी दृष्टी दुहेरी होती. शालिहोत्र आणि नकुल यांच्या नावांवर चालत आलेल्या अश्वशास्त्राच्या परंपरेत भोवऱ्यांना, म्हणजे केसांच्या आवर्तांना, फार महत्त्व आहे. मराठीतील ‘देवमण’ आणि ‘पंचकल्याणी’ हे शब्द त्याच दृष्टीचे अवशेष होत. चारही पाय व कपाळ पांढरे असले म्हणजे घोडा अधिक चालतो असे मुळीच नाही. ती शुभाशुभाची भाषा आहे. परंतु त्याच परंपरेत गतीचे सूक्ष्म निरीक्षणही आढळते. अमरकोशाने घोड्याच्या आस्कन्दित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत अशा पाच ‘धारा’ नोंदवल्या आहेत. मराठीने पुढे दुडकी, रहवाल, भरधाव, चौखूर असे आपले शब्द घडवले किंवा फारसीतून घेतले. धावता घोडा नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे. चित्रकारांनी शतकानुशतके पुढचे पाय पुढे व मागचे मागे ताणलेला घोडा हवेत रंगवला. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिजने घेतलेल्या छायाचित्रांत मात्र चारही पाय अधांतरी असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, असे दिसून आले.

मोगल दरबाराची दृष्टी वेगळी होती. ‘आईन-इ-अकबरी’त घोड्यांच्या सात प्रती दिल्या आहेत. अरबी आणि इराकी घोडे वर, तुर्की मध्ये, आणि ताजी व जंगला हे हिंदुस्थानी घोडे तळाला. कच्छच्या घोड्यांची अबुल फजलने केलेली प्रशंसा हा अपवाद होय. ही प्रतवारी उगमस्थानावर आणि किमतीवर आधारलेली होती, व तीत उंच, भरदार घोड्याला साहजिकच मान होता. दख्खनी घोडा साडेचार फुटांच्या आतबाहेरचा. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांतून उतरलेल्या अरबी घोड्यांचे रक्त त्यात मिसळले असावे असे सामान्यतः मानले जाते. पण भीमा-नीरेच्या खोऱ्यातील विरळ गवतावर त्याचा बांधा आखूडच राहिला.

आता या आखूड बांध्याचा हिशेब मांडून पाहू. घोडा एकाच बोटाच्या टोकावर, म्हणजे खुरावर, धावतो. त्याच्या गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतात. तेथे असतात त्या लांब कंडरा. पाय टेकताना त्या ताणल्या जातात आणि उचलताना साठलेली शक्ती परत देतात. स्नायूंचा भार धडाजवळ राहिल्यामुळे पाय झुलवण्याचे श्रमही वाचतात. ही रचना लहानमोठ्या सर्वच घोड्यांची. फरक पडतो तो आकारमानाने. लांब पायांच्या घोड्याची ढांग मोठी, म्हणून थोड्या अंतराच्या शर्यतीत तोच पुढे जाणार. परंतु गॅलिलिओने १६३८ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे प्राणी मोठा होतो तेव्हा त्याचे वजन घनाच्या प्रमाणात वाढते, हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र वर्गाच्याच प्रमाणात. खडकाळ घाट उतरताना लहान घोड्याच्या नळीवर पडणारा ताण त्यामुळे कमी असतो. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग अधिक असतो, म्हणून चैत्र-वैशाखात तो लवकर निवतो.

चाऱ्याचा हिशेब तर याहून बोलका आहे. वजन निम्मे झाले म्हणून चारा निम्मा होत नाही, कारण लहान प्राण्याला दर किलोमागे थोडे अधिक खावे लागते; तरीही एकूण गरज सुमारे ४० टक्क्यांनी घटते. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला १० किलो कोरडा चारा धरला, तर २५० किलोच्या तट्टाला ६ किलो पुरतो. दहा हजार घोड्यांच्या फौजेत हा फरक रोज ४० टनांचा होतो. ज्या सैन्याला मुलुखातल्या गवतावरच चालायचे आहे, त्याच्या दृष्टीने ४० टन म्हणजे आणखी एक मजल.

या देहाची उणीवही तितकीच स्पष्ट आहे. घोड्यावरचे ओझे त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावे असे आज मानतात. साठ किलोचा स्वार आणि दहा किलोचे खोगीर-हत्यार धरले, तरी २५० किलोच्या तट्टावर ते ओझे चौथ्या हिश्श्याहून अधिक झाले. त्यावर आणखी बख्तर आणि पाखर चढवायला जागाच उरत नाही. मराठा स्वाराच्या हलक्या सामानाचे कौतुक त्याच्या साधेपणाच्या खात्यावर जमा केले जाते. त्यातला काही भाग घोड्याच्या पाठीच्या खात्यावर टाकावा लागेल. समोरासमोरच्या धडकेत वजन आणि वेग यांचा गुणाकारच निर्णायक ठरतो, आणि तेथे हा घोडा कमी पडणारच. गनिमी काव्याचे सारे श्रेय घोड्याच्या पायांना द्यावे असा येथे हेतू नाही. पण धडक टाळून पल्ला गाठणारी युद्धपद्धती आणि धडकेला अपुरा, पल्ल्याला पुरेसा देह, यांची सांगड योगायोगाने पडली नसावी.

याचे प्रत्यंतर सभासदाच्या बखरीत मिळते. सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, महाराष्ट्रापासून दूर तमिळ प्रदेशातील जिंजीला बसून कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींच्या लष्कराची व्यवस्था सांगितली. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. या प्रमाणाकडे आपले इतिहासकार प्रशासनाचे उदाहरण म्हणून पाहतात. खरे तर ती शरीरशास्त्राची जाण आहे. लांब मजलांत घोडा प्रथम निकामी होतो तो खुराने आणि तहानेने. आठ महिने मुलूखगिरी आणि पावसाळ्याचे चार महिने छावणी, हीही व्यवस्था तशीच. छावणीत दाणा, वैरण, औषधे, पागांची छपरे आधीच सिद्ध ठेवण्याचा नियम होता. ओल्या मातीत खूर मऊ पडतात, ताणलेल्या कंडरांना विश्रांती लागते. हे कोणी त्या शब्दांत लिहिले नाही. मात्र नियम करणाऱ्याने घोडा जवळून पाहिला होता.

पानिपतावर ही सांगड तुटली. नोव्हेंबर १७६० पासून मराठ्यांची फौज एका जागी खिळली. तोफखाना, बुणगे आणि खंदक यांच्यामुळे ती हलू शकत नव्हती. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद जवळजवळ संपली. चालत राहून चरणे हेच ज्याचे बळ, तो घोडा एका ठिकाणी बांधला गेला की त्याच्या काटकपणाला अर्थ उरत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी उपासाने खंगलेल्या या जनावरांकडून नेमकी तीच धडक मागितली गेली, जिच्यासाठी त्यांचा देह नव्हता. उष्ण पठारावर निवण्यास उपयोगी पडणारा लहान देह उत्तरेच्या पौषातल्या थंडीत ऊब लवकर गमावत असणार, हे प्रस्तुत लेखकाचे अनुमान. त्याला कागदाचा आधार नाही. पानिपताच्या कारणमीमांसेत सेनापतींच्या स्वभावावर जितकी शाई खर्च झाली, तिच्या शतांशानेही घोड्यांकडे लक्ष गेले नाही.

कंपनी सरकारनेही हा प्रश्न उंचीनेच मोजला. बिहारातील पुसा येथील अश्वपैदास केंद्राचा अधीक्षक म्हणून १८०८ मध्ये आलेला पशुवैद्य विल्यम मूरक्रॉफ्ट मोठ्या घोड्यांच्या शोधात लडाख, काश्मीर ओलांडत बुखाऱ्यापर्यंत गेला आणि १८२५ मध्ये परतीच्या वाटेवर वारला. १८१८ नंतर पुण्याच्या पागा मोडल्या. तट्टाला गिऱ्हाईक उरले नाही. ते जगले धनगरांच्या वाड्यांवर. पुणे, सातारा, नगर या भागांतील मेंढपाळ स्थलांतर करताना आजही त्याच्या पाठीवर संसार लादतात.

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या नोंदवहीत २०२४ च्या सुमारास भीमथडी घोडा स्वतंत्र जात म्हणून दाखल झाला. अशी नोंद करताना उंची, छातीचा घेर, देहाची लांबी मोजली जाते. धनगर मात्र घोडा निवडताना त्याला लादून चालवून पाहतो, आणि उतारावर तो मागचा पाय कोठे टाकतो तेवढे बघतो.