फैजपूर ते घरकुल : रावेर-यावल परिसराच्या संदर्भात स्थानिक बांधकाम-रोजगार आणि कौशल्यशिक्षण

प्रस्तावना

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन, पंडित जवाहरलाल नेहरूंचे अध्यक्षपद आणि तेथे संमत झालेला शेतीविषयक कार्यक्रम यांमुळे ते राजकीय इतिहासात सुपरिचित आहे. त्याच अधिवेशनाची बांधकामाची बाजू मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिली. अधिवेशनाचे नगर कशाने उभारले, कोणाच्या हातांनी उभारले आणि त्या हातांना पुढे काय लाभले, या प्रश्नांच्या अनुषंगाने ग्रामीण तरुणांच्या बांधकाम-रोजगाराचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

टिळकनगरची उभारणी

फैजपूर हे यावल तालुक्यातील, रावेर तालुक्याला लागून असलेले गाव. अधिवेशन या भागात आणण्यात व यशस्वी करण्यात रावेर तालुक्यातील खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांचा मोठा वाटा होता; स्वागताध्यक्ष शंकरराव देव होते. शहरी थाटाचे मंडप व भाड्याने आणलेले सामान टाळून गावात मिळणाऱ्या साहित्यातून, गावच्या कारागिरांकडून नगर उभे राहावे, असा महात्मा गांधींचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनातील चित्रकार नंदलाल बोस यांना पाचारण केले. बोस व वास्तुविशारद म्हात्रे यांनी बांबू, चटया, गवत अशा साध्या साहित्यातून 'टिळकनगर' साकारले. प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी गांधींनी या दोघांना श्रेय दिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. खेड्यातील बांधकामाचे कौशल्य त्या काळी जातिव्यवस्थेशी घट्ट बांधलेले होते. बांबूकाम बुरुडाचे, लाकूडकाम सुताराचे, दगड फोडणे व माती खणणे वडाराचे, आणि हे शिक्षण बापाकडून मुलाकडे जाई. सातपुड्याच्या पायथ्याचा तडवी वा पावरा तरुण, अथवा भूमिहीन शेतमजुराचा मुलगा, अशा कामावर आला तरी ओझे वाहण्यासाठीच येई. टिळकनगरात नामवंत कलावंत आणि गावचा कारागीर एकाच कामावर एकत्र आले, हे त्या प्रयोगाचे खरे वेगळेपण. परंतु अधिवेशन संपले, आणि तात्पुरती उभारलेली नगरीही ओघानेच उठली. बोस व म्हात्रे यांची नावे इतिहासात राहिली. बांबू तासणाऱ्यांची नावे प्रचलित इतिहासलेखनात आढळत नाहीत.

फैजपूरनंतर अवघ्या दहा महिन्यांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्धा येथील शिक्षण परिषदेत उद्योगाद्वारे शिक्षणाची कल्पना मांडली गेली. डॉ. झाकीर हुसेन समितीने सूतकताई-विणकाम, सुतारकाम, शेती आदी उद्योग सुचविले. गवंडीकामाचा त्यांत स्वतंत्र उल्लेख नव्हता. स्थानिक परिस्थितीला अनुकूल असा अन्य उद्योग निवडण्याची मुभा होती, परंतु व्यवहारात मूलोद्योग शिक्षण आणि टकळी हे समीकरणच रूढ झाले.

दोन वेगळे प्रवाह

स्वातंत्र्यानंतर शासनाने प्रशिक्षण आणि रोजगार या दोन्हींची जबाबदारी स्वीकारली, पण त्यांचे मार्ग निराळे ठेवले. दुसऱ्या महायुद्धातून मुक्त होणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये केंद्रीय महासंचालनालय स्थापन झाले होते. त्याच परंपरेतून १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे विणले गेले. या संस्थांचे नावच त्यांची दिशा सांगते : अपेक्षा कारखान्याची होती. गवंडीकामाचा अभ्यासक्रम होता, परंतु तरुणांची ओढ तंत्री, जोडारी, वीजतंत्री अशा कारखान्यात नेणाऱ्या व्यवसायांकडे राहिली. शिवाय प्रवेशासाठी ठरावीक इयत्ता उत्तीर्ण होणे आवश्यक असे. प्राथमिक शाळेतच गळती झालेल्या मुलास ही दारे बंद होती, आणि ज्याला प्रशिक्षणाची सर्वाधिक गरज तोच नेमका बाहेर राहिला.

दुसरा प्रवाह रोजगार हमीचा. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे प्रयोग केला. १९७२-७३ च्या दुष्काळात योजनेला राज्यव्यापी रूप आले. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला आपल्याच परिसरात काम, हे तत्त्व कायद्याने मान्य करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य होय. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते ही सर्व बांधकामेच होती. तथापि हमी होती ती अकुशल कामाची. खर्चाचा किमान साठ टक्के भाग अकुशल मजुरीवर व्हावा, या दंडकामागचा हेतू ठेकेदार आणि यंत्रे दूर ठेवण्याचा होता आणि तो योग्यच होता. परंतु हजेरीपटावर अकुशल म्हणून नोंदलेला मजूर दहा वर्षे बांध घालूनही हजेरीपटावर अकुशलच राहिला. खडी फोडणाऱ्याला भिंतीचा ओळंबा धरायला शिकविणे कोणाच्याच कर्तव्यात बसत नव्हते. कामावर येणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय असे. त्यांच्या वाट्याला तर घमेल्याखेरीज दुसरे साधन क्वचितच आले.

अशा रीतीने एकीकडे गावापासून दूर नेणारे प्रशिक्षण आणि दुसरीकडे प्रशिक्षणाविना स्थानिक काम अशी स्थिती निर्माण झाली. ग्रामीण तरुणाचे बांधकाम-शिक्षण प्रत्यक्षात झाले ते सुरत, पुणे, मुंबई येथे, मिस्त्रीच्या हाताखाली, शिव्या खात.

प्रवाह एकत्र आणण्याचे प्रयत्न

या दोन प्रवाहांना जोडण्याचा प्रयत्न अलीकडील आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात, म्हणजे २०१६ नंतर, ग्रामीण गवंडी प्रशिक्षणाची तरतूद झाली. पंचेचाळीस दिवसांचे हे प्रशिक्षण वर्गात न होता लाभार्थ्याच्या घरकुलाच्या प्रत्यक्ष बांधकामावर होते आणि अखेरीस परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिले जाते. डिसेंबर २०१९ मध्ये 'उन्नती' प्रकल्प सुरू झाला. राष्ट्रीय रोजगार हमीवर शंभर दिवस काम पूर्ण केलेल्या कुटुंबांतील १८ ते ४५ वयोगटातील व्यक्तींना कौशल्य देणे हा त्याचा उद्देश होता. अकुशल मजुराला कुशल होण्याचा मार्ग असावा, ही उणीव अशा प्रकारे मान्य होण्यास महाराष्ट्राच्या कायद्यानंतर चाळीस वर्षे लागली.

गावाच्या साहित्यातून, गावच्या हातांनी, जाणत्याच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष बांधताना शिकणे ही कल्पना टिळकनगरच्या उभारणीपासून फार दूर नाही. फरक इतकाच की घरकुल टिकते, आणि शिकलेल्याच्या हाती कागद राहतो. पंचेचाळीस दिवसांत पक्का गवंडी घडतो का, हा प्रश्न कोणताही जुना मिस्त्री विचारील आणि तो रास्तही आहे. दुसरीकडे झारखंडमध्ये स्वच्छ भारत अभियानातील शौचालयांच्या बांधकामावर खेड्यातील स्त्रियांना गवंडीकाम शिकविण्यात आले. त्यांना तेथे 'राणी मिस्त्री' म्हणतात. खानदेशच्या बोलीत मिस्त्री हा शब्द अद्याप पुरुषासाठीच वापरला जातो.