‘शिल्पाधर’ : मध्यवयाचा सन्मान आणि राज्यसंस्था

राज्यसंस्था कलावंताचा गौरव त्याच्या कोणत्या वयात करते, हा प्रश्न वरकरणी प्रशासकीय वाटतो. वस्तुतः कलाकृतीच्या पूर्णत्वाविषयीची एक भूमिका त्यात गृहीत धरलेली असते. थायलंडमध्ये १९८५ पासून दिला जाणारा ‘राष्ट्रीय कलावंत’ हा किताब बहुधा ज्येष्ठांच्या वाट्याला येतो. ज्यांचे कार्य सिद्ध झाले आहे व ज्यांच्याकडून आता अनपेक्षित काही घडण्याचा संभव कमी, अशांचा तो सन्मान. २००४ मध्ये सांस्कृतिक मंत्रालयाच्या समकालीन कला व संस्कृती कार्यालयाने ‘सिल्पाथॉन’ पुरस्कार सुरू केला तेव्हा वयाची अट ठेवली ती ३० ते ५० अशी. साहित्य, दृश्यकला, संगीत, प्रयोगकला, चित्रपट आणि पुढे अभिकल्प या क्षेत्रांतील, अद्याप वाटेवर असलेला कलावंत हा त्याचा विषय. अपूर्ण कार्याला मान्यता देणे म्हणजे त्या कार्याच्या पुढील वळणांची जोखीमही पत्करणे होय. ही जोखीम पत्करण्याची थायी राज्यसंस्थेची तयारी कितपत होती, हे या पुरस्काराच्या इतिहासात तपासून पाहता येते.

पुरस्काराच्या नावातील ‘शिल्प’ आणि ‘धर’ ही संस्कृत पदे थायी लेखनात स्पष्ट दिसतात. ‘समकालीन’ या अर्थाचा थायी शब्द ‘रुआमसमय’. ‘रुआम’ म्हणजे एकत्र, आणि ‘समय’ मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. राजाश्रयाची ही परिभाषा जुनीच आहे. थायी आधुनिक कलेचे शिक्षण ज्या शिल्पाकर विद्यापीठात रुजले, ते १९४३ मध्ये स्थापन झाले; त्याचा पाया घालणारा कोर्रादो फेरोची हा इटालियन शिल्पकार १९२३ मध्ये सयामी राजसेवेत आला होता. १९४९ पासूनच्या राष्ट्रीय कलाप्रदर्शनाने पदकांची उतरंड रूढ केली. तात्पर्य, येथे आधुनिकता राज्यसंस्थेशी झगडून नव्हे, तर तिच्या अंगणात वाढली. नवा पुरस्कार त्याच परंपरेतला. फरक एवढाच की, त्याने निवडलेली माणसे अंगणात मावणारी नव्हती.

पिचेत क्लुन्चुन याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. रामकियेन या थायी रामकथेवर उभे असलेले ‘खोन’ हे मुखवट्यांचे नाट्यनृत्य तो शिकला, आणि त्याच शास्त्राची देहभाषा मुखवट्याबाहेर काढून त्याने समकालीन रंगमंचावर आणली. फ्रेंच नृत्यकार जेरोम बेल याच्यासमवेत २००४ मध्ये बँकॉकमध्ये सादर केलेल्या प्रयोगात दोघे एकमेकांना प्रश्न विचारतात, करून दाखवतात, आणि त्यातून ‘परंपरा’ ही गोष्टच चर्चेला येते. २००६ चा सिल्पाथॉन त्याला मिळाला. येथे राज्यसंस्थेने वारशाचा नव्हे, वारशाविषयीच्या शंकेचा सन्मान केला, असे म्हणावे लागेल. सर्वच निवडी इतक्या धाडसी नव्हत्या. त्याच वर्षीचा साहित्यातील मानकरी विन ल्योवारिन याला आग्नेय आशियाई साहित्यपुरस्कार १९९७ आणि १९९९ असा दोनदा मिळून गेला होता.

चित्रपटाच्या क्षेत्रात मात्र विसंगती लपली नाही. अपिचातपोंग वीरसेठाकुल याला २००५ मध्ये हा पुरस्कार मिळाला. दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच्या ‘सिन्ड्रोम्स अँड अ सेंच्युरी’ या चित्रपटातील चार दृश्ये कापण्याचा आदेश निघाला. गिटार वाजवणारा भिक्षू हे त्यांपैकी एक. त्याने कापण्यास नकार दिला. २००८ मध्ये बँकॉकमध्ये मर्यादित प्रदर्शन झाले, तेव्हा वगळलेल्या दृश्यांच्या जागी काळी, मूक फीत धावत होती. सेन्सॉरचे कामच दृश्यमान करणारी ती संहिता स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावी.

तोवर १९३० च्या कायद्यानुसार परिनिरीक्षण पोलिसांकडे होते, म्हणून मंत्रालयाला हात झटकता येत होते. २००८ च्या नव्या कायद्याने ते काम सांस्कृतिक मंत्रालयाकडेच आले आणि ही पळवाट बंद झाली. ‘मॅकबेथ’वर आधारलेल्या ‘शेक्सपिअर मस्ट डाय’ या इंग के हिच्या चित्रपटाला याच समकालीन कला कार्यालयाने अर्थसाहाय्य दिले, आणि २०१२ मध्ये त्याच मंत्रालयाच्या मंडळाने राष्ट्रात फूट पडेल या कारणास्तव त्यावर बंदी घातली. सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती उठवली २०२४ मध्ये.

मध्यवयीनांना मान्यता देणे धोक्याचे आणि ज्येष्ठांना देणे निर्धोक, ही आरंभी मांडलेली विभागणी मात्र शेवटी टिकत नाही. ‘चो काराकेत’ या कथाविषयक नियतकालिकाचे संपादक सुचार्त सवत्सी २०११ मध्ये राष्ट्रीय कलावंत झाले. २०२० मध्ये नियम बदलून किताब परत घेण्याची तरतूद करण्यात आली, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये, त्यांनी समाजमाध्यमांवर व्यक्त केलेल्या राजकीय मतांमुळे, तो काढून घेण्यात आला. असे घडलेले ते पहिलेच. त्यांचे वय तेव्हा सत्तरीपलीकडे होते.