उंटाने मागे का सरावे?

मलकपेठेत एका स्नेह्यांच्या ओसरीवर मध्यंतरी बुद्धिबळाचे एक कोडे मांडले होते : पांढऱ्याने दोन चालींत मात करावी. आम्ही तत्काळ वजिराचा शह दिला आणि मात जाहीर केली. यजमानांच्या नातवाने काळ्या घोड्याने तो वजीर मारला व म्हणाला, "वकीलकाका, तुम्ही प्रतिपक्षाचे ऐकलेच नाही!" वीस वर्षे वकिली करून आम्हांस हा उपदेश ऐकावा लागला, पण तो यथार्थ होता.

अशा कोड्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले. पाश्चात्त्य पद्धतीच्या खेळास जुळवून घेतलेल्या त्या पुस्तकात मुख्य भर आहे तो पटावरील अवघड मांडण्यांवर. शिकणाऱ्याची बुद्धी व स्मरणशक्ती यांस व्यायाम घडावा, हा त्यामागील हेतू.

पुढे १८४५ साली लंडनमध्ये हॉवर्ड स्टाँटन यांच्या बुद्धिबळविषयक मासिकात हिंदुस्थानातून गेलेले एक कोडे प्रसिद्ध झाले. कर्त्याची सही होती 'शागीर्द'. हा शागीर्द म्हणजे हेन्री ऑगस्टस लव्हडे नावाचा इंग्रज पाद्री. त्या कोड्यास जगभर 'इंडियन प्रॉब्लेम' हेच नाव पडले.

त्यातील युक्ती अशी. पांढऱ्याचा उंट शत्रूपासून दूर, पटाच्या पार कडेस सरतो. मग पांढरा आपल्याच हत्तीने त्या उंटाची वाट अडवितो. असे न करावे तर शह नसताना काळ्यास चालच उरणार नाही आणि डाव बरोबरीत सुटेल. वाट अडताच काळ्या राजास एक घर मोकळे होते. तो नेमका उंटाच्या रेषेत येतो. हत्ती बाजूस होतो, आणि मात!

लवकर मात करणे म्हणजे शहांचा वर्षाव करणे नव्हे, हे येथे दिसते. काळ्याच्या उत्तमोत्तम उत्तरापुढेही जी टिकते तीच मात खरी. उलट, रचणाऱ्याने सांगितलेल्या चालींहून कमी चालींत मात निघाली तर कोडेच सदोष ठरते. तेथे कर्त्याच्या नावाची वा वयाची भीड चालत नाही.

ओसरीवरचे ते कोडे आम्हांस दुसऱ्या दिवशी सुटले. पहिली चाल शहाची नव्हती. हत्ती एक घर मागे घ्यावयाचा होता. आम्ही मुद्दाम जाऊन त्या मुलास तसे सांगितले. त्याने प्रथम काळ्याची सर्व उत्तरे तपासली, आणि मगच मान डोलावली.