मंडीदीप : आटलेल्या तळ्यातलं शहर

मुंबई-पुण्याहून दिल्लीकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या इटारसी सोडल्यावर नर्मदा ओलांडतात, बुधनीचा घाट चढतात आणि विंध्याच्या रांगांमधल्या एका पसरट खोऱ्यात येतात. भोपाळ जवळ आलेलं असतं, त्यामुळे लोक बॅगा खाली काढण्याच्या गडबडीत असतात. तेवढ्यात मंडीदीप नावाचं स्टेशन मागे पडतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून इथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड, औषधं, ट्रॅक्टर असं बरंच काही इथे बनतं. गाडीतून दिसतात त्या शेड, चिमण्या आणि कंपाउंडच्या भिंती. आपल्या मंडळात मंडीदीपवर लिहितो म्हटलं तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "अहो, तिथे बघायचं काय?"

बघायचं ते नावापासूनच सुरू होतं. गावातल्या कुणाही जाणत्या माणसाला विचारा, तो सांगेल की ‘दीप’ म्हणजे दिवा नव्हे, द्वीप, म्हणजे बेट. आज जवळपास मोठं तळं नाही, मग बेट कसलं? पण चहूबाजूंच्या टेकड्यांवर नजर टाकली की हे सांगणं थट्टेवारी नेता येत नाही. आपण एका मोठ्या परातीच्या तळाशी उभे आहोत असं वाटतं.

परमार राजा भोज आपल्याकडे बहुतेकांना म्हणीपुरता माहीत असतो. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारेहून माळव्यावर राज्य करणारा हा राजा ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुशास्त्रावरच्या ग्रंथाचा कर्ता मानला जातो. मंडीदीपपासून थोड्याच अंतरावर, बेतवेच्या काठी, त्याच्या नावाचं भोजपूर आहे. तिथे टेकड्यांची नैसर्गिक भिंत दोनच ठिकाणी तुटलेली होती. एक खिंड सुमारे १०० यार्ड रुंद, दुसरी ५००. या दोन खिंडी मातीचे बांध घालून बुजवल्या, बांधांना दोन्ही अंगांनी वालुकाश्माचे प्रचंड चिरे लावले आणि मधे चुन्याचा थेंबही घातला नाही. लहान बांध ४४ फूट उंच आणि पायाशी ३०० फूट जाड. मोठ्या बांधाची उंची २४ फूट, पण त्याचा सपाट माथाच १०० फूट रुंद. जास्तीचं पाणी जावं म्हणून बांधापासून दूर, एका बुटक्या टेकडीच्या अखंड खडकात सांडवा खोदला. मला या सगळ्यात सांडव्याचं कौतुक सर्वांत जास्त वाटतं. मातीच्या बांधावरून पाणी वाहिलं की बांध गेलाच, हे ज्याला कळत होतं त्याचंच हे काम.

या तळ्याची रीतसर हकिगत लिहिली ती भोपाळला पोलिटिकल एजंट असलेल्या विल्यम किंकेड यांनी. १८८८च्या ‘इंडियन अँटिक्वरी’त त्यांचा लेख आहे. त्यांच्या हिशेबाने तळ्याचा विस्तार २५० चौरस मैल, म्हणजे साधारण ६५० चौरस किलोमीटर होता. जायकवाडीचा नाथसागर भरल्यावर जवळपास ३५० चौरस किलोमीटर होतो, त्यावरून अंदाज करा. हा आकडा मला थोडा सैल हाताने मांडलेला वाटतो, कारण २४ फूट उंचीच्या बांधामागे इतकं पाणी पसरायला जमीन फारच सपाट हवी. पण आकडा निम्मा धरला तरी मंडीदीपच्या आसपासची शेतं पाण्याखाली जातात आणि बेटाची गोष्ट उभी राहतेच.

लोककथा तर आणखी चवदार आहे. राजाला त्वचारोग झाला. ३६५ झऱ्यांचं पाणी एकत्र करून त्यात स्नान कर, असं त्याला सांगण्यात आलं. बेतवेच्या खोऱ्यात झरे कमी भरले, तेव्हा कालिया नावाच्या गोंड सरदाराने एक हरवलेली नदी दाखवली. तीच कलियासोत. ही कथा मी नुसती कथा म्हणून सोडत नाही. एका नदीचं पाणी पुरत नाही म्हणून शेजारच्या खोऱ्यातलं पाणी वळवायचं, हा अस्सल पाटबंधारे खात्याचा विचार त्यात दडलेला आहे. भोपाळचा मोठा तलाव भोजाचाच मानतात, आणि त्याचं भदभद्याहून सुटणारं पाणी आजही कलियासोतेतूनच बेतवेकडे येतं.

जवळजवळ चार शतकं हे तळं होतं. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने बांध फोडला. गोंडांच्या आठवणीत त्याचा हिशेब तीनाच्या पाढ्यात राहिला आहे: सैन्याला बांध फोडायला ३ महिने लागले, तळं रिकामं व्हायला ३ वर्षं आणि तळाची जमीन वस्तीजोगी व्हायला ३० वर्षं. त्याच सुलतानाच्या नावाचं होशंगाबाद याच रेल्वेमार्गावर, घाटाखाली नर्मदाकाठी आहे. अलीकडे त्याचं नर्मदापुरम झालं. त्याने तळ्याचा घात केला, असं गाईड हटकून सांगतात. मला ते एकांगी वाटतं. बुडालेली शेकडो चौरस किलोमीटर काळी जमीन त्यातून लागवडीला मोकळी झाली, आणि आज तिथे जी गावं आहेत ती त्यामुळेच आहेत.

मराठ्यांचा या पाण्याशी संबंध आला तो नंतर, आणि तोही उरलेल्या तुकड्याशी. डिसेंबर १७३७मध्ये बाजीराव पेशव्यांनी निजामाला भोपाळात कोंडलं. पाठीशी तलाव आणि भोवती गावकूस, म्हणून निजामाने ती जागा सुरक्षित मानली. रसद तुटल्यावर तीच त्याला नडली. जानेवारी १७३८मध्ये दोराहाला तह झाला. नर्मदा आणि चंबळ यांच्यामधला मुलूख आणि ५० लाख रुपये असं त्याचं मोल होतं. भोपाळच्या लढाईवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यामुळे इथे एवढंच पुरे.

आता प्रत्यक्ष जाण्याबद्दल. भोजपूरला जाणारे बहुतेक लोक थेट भोजेश्वराच्या मंदिरात शिरतात, फोटो काढतात आणि परततात. मंदिर आहेच तसं. शिवलिंग साडेसात फूट उंच, घेर जवळपास १८ फूट, आणि खालची जोती धरली तर मान पूर्ण वर करावी लागते. पण हे मंदिर अपुरं राहिलं, आणि खरी मौज त्या अपुरेपणात आहे. मागच्या बाजूला दगड वर चढवण्यासाठी घातलेला मातीचा उतार तसाच राहिला आहे. भोवतालच्या कातळावर खांब, शिखरं आणि तुळया यांचे आराखडे कोरलेले आहेत. अकराव्या शतकातल्या स्थपतीचा ड्रॉइंग बोर्डच म्हणा ना! पूर्ण झालेल्या मंदिरांत या खुणा पुसल्या जातात. इथे काम थांबलं आणि त्या राहिल्या. उघड्यावर आहेत, ऊन-पाऊस खातायत, आणि जरा दुर्लक्ष झालं की येणाऱ्यांच्या चपलाही. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जावं, तिरप्या उजेडात रेघा उठून दिसतात. भर दुपारी मला निम्म्याही दिसल्या नव्हत्या.

मंदिराआधी बांध पाहा, असा माझा आग्रह आहे. झुडपांत गेलेले ते चिरे पाहिल्यावर मंदिर एवढ्या आडजागी का, हा प्रश्न उरत नाही. तेव्हा ती आडजागा नव्हतीच, समोर समुद्रासारखं पाणी होतं.

दिवस हाती असेल तर औबेदुल्लागंजवरून भीमबेटका गाठावं. १९५७मध्ये विष्णु श्रीधर वाकणकर यांना रेल्वेच्या खिडकीतून हे कातळ दिसले. युरोपात पाहिलेल्या चित्रगुहांची त्यांना आठवण झाली आणि ते शोध घ्यायला इथे आले. पुढे त्यांनी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्रांनी उत्खननं केली, आणि २००३मध्ये भीमबेटका जागतिक वारसा यादीत गेलं. परिसरात सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत. त्यांतली कितीतरी चित्रं तळं बांधलं जाण्याच्या हजारो वर्षं आधीची आहेत. चित्रं पाहून झाली की उत्तरेकडे तोंड करून थोडं थांबावं. खाली शेतं, रुळांची रेघ आणि हवा स्वच्छ असेल तर लांब मंडीदीपचा धूर दिसतो.