गिरगाव ते लालबाग : चर्चे, वारसास्थळे आणि खाद्यगृहे

मुंबई आपल्या वसईकरांना परकी नाही. पहाटेच्या लोकलने फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या घेऊन आपल्या आया-आज्या पिढ्यान्‌पिढ्या दादरच्या बाजारात जात आल्या. परळला टाटा स्मारक रुग्णालय आणि के. ई. एम. रुग्णालय असल्यामुळे क्वचितच एखादे धर्मग्राम असे असेल, की जिथल्या कुणाचे तेथे जाणे-येणे नाही. लग्नाची खरेदी, मराठी नाटक, माहीमची बुधवारची नोव्हेना ही आणखी निमित्ते. पण काम आटोपले की पुढची विरार गाडी गाठायची, अशीच आपली रीत पडून गेली आहे. आपल्याच श्रद्धेचा चारशे वर्षांचा इतिहास ज्या रस्त्यांवर उभा आहे, त्या रस्त्यांवरून आपण खाली मान घालून चालतो आणि भूक लागली तर फलाटावरच्या वड्यावर भागवतो.

फिलिपीन्समध्ये पवित्र गुरुवारी भाविक सात चर्चना भेट देतात. नाताळापूर्वी नऊ दिवस, १६ ते २४ डिसेंबर, तेथे पहाटेच्या मिस्सा होतात आणि मिस्सा संपली की चर्चच्या दाराशीच तांदळाचे गरम गोड पदार्थ खाऊन लोक कामाला जातात. प्रार्थना, भटकंती आणि खाणे यांत त्यांना विसंगती वाटत नाही. आपल्यालाही वाटू नये. म्हणून गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या चार भागांतील पाहण्याजोग्या आणि खाण्याजोग्या ठिकाणांची ही नोंद आम्ही देत आहोत. ती संपूर्ण नाही आणि निवड आमची आहे.

गिरगाव

प्रथम एक सावधगिरीची सूचना. मुंबईत 'पोर्तुगीज चर्च' या नावाने ओळखली जाणारी ठिकाणे दोन आहेत : एक गिरगावात, दुसरे दादरला. टॅक्सीवाल्याला नुसते 'पोर्तुगीज चर्च' सांगून बसलात, तर नको तिथे उतरण्याचा संभव आहे. गिरगावचे चर्च हे संत तेरेजाचे. त्याची स्थापना १७७३ सालची, म्हणजे वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकला त्यानंतर तीन-साडेतीन दशकांनी झालेली. मुंबई बेट तर त्याच्याही फार आधी, १६६५ मध्ये, पोर्तुगीजांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. चर्चला पोर्तुगीज म्हटले जात असले, तरी ते इंग्रजी अमलात उभे राहिले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

चर्चपासून थोड्या अंतरावर खोताची वाडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांच्या मालकीच्या जमिनीवर ही वाडी वसली. पाठारे प्रभू आणि ईस्ट इंडियन कुटुंबे येथे शेजारी-शेजारी राहिली. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, समोर ओटा, वर कौले : आपल्या गावातले जुने घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही घरे नात्यातली वाटतील. आणि नाते आहेच. मुंबई, साष्टी आणि वसई या टापूतील मूळच्या कॅथलिकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास घेतले. त्याआधी ही माणसे केवळ इथली होती.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आली. त्या काळात आणि त्यानंतर शहरातील अनेक ख्रिस्ती वस्त्यांत गल्लीच्या तोंडाशी, घरांच्या अंगणात क्रूस उभारले गेले. काही संकटनिवारणासाठी, तर काही जीव वाचल्याच्या कृतज्ञतेपोटी. गिरगाव-माझगावच्या गल्ल्यांतून चालताना असा क्रूस दिसला, तर त्यामागे बहुधा एका घाबरलेल्या मोहल्ल्याची प्रार्थना आहे असे समजावे.

खोताच्या वाडीत कधीकाळी पासष्टच्या आसपास अशी घरे होती. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. काही ठिकाणी त्यांच्या जागी इमारती आल्या आहेत. ज्यांना पाहायचे आहे त्यांनी लांबणीवर टाकू नये. मात्र ही माणसांची राहती घरे आहेत, प्रदर्शन नव्हे. दुपारच्या विश्रांतीच्या वेळी घोळक्याने जाणे, न विचारता ओट्यावर चढून छायाचित्रे काढणे हे टाळावे. आपल्या वाडीत कुणी असे केले तर आपल्याला काय वाटेल?

याच वाडीत 'अनंताश्रम' हे मासळीच्या जेवणासाठी नावाजलेले भोजनगृह होते. गप्पा मारत बसणाऱ्याला तेथे थारा नसे, जेवावे आणि उठावे, अशी त्याची ख्याती. ते बंद झाले आहे. जुन्या लेखांत त्याचे नाव वाचून कुणी शोधत निघू नये. वाडीतल्या 'आयडियल वेफर्स'चे तळलेले बटाट्याचे काप मात्र घरी नेण्यासारखे आहेत.

खायचे असेल तर ठाकूरद्वार परिसरातील 'विनय हेल्थ होम' आमच्या यादीत पहिले. येथील मिसळ झणझणीत असली, तरी सोसवेल इतपतच. 'पणशीकर' यांच्याकडचे पियुष हे त्यावर उत्तम औषध : श्रीखंडाची आणि ताकाची संगती, वर जायफळ-केशराचा वास. ज्यांनी ते कधी प्यायलेले नाही त्यांनी ते पेय समजून मागवावे आणि पक्वान्न समजून संपवावे.

गिरगावचा राष्ट्रीय इतिहास मोठा आहे. त्याची येथे केवळ नोंद करतो. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. 'राजा हरिश्चंद्र' हा दादासाहेब फाळके यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांचा पुतळा चौपाटीवर आहे. त्या पुतळ्यापाशी उभे असताना आपल्या वाचकांनी आणखी एक नाव आठवावे : जोसेफ बाप्टिस्टा. माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ मध्ये जन्मलेला हा ईस्ट इंडियन कॅथलिक बॅरिस्टर टिळकांचा निकटचा सहकारी होता. १९१६ मध्ये टिळकांनी स्थापिलेल्या होमरूल लीगचा तो पहिला अध्यक्ष आणि १९२५ मध्ये मुंबईचा महापौर. लोक त्याला 'काका' म्हणत. आपल्या शाळांतील मुलांना टिळक ठाऊक असतात, काका बाप्टिस्टा ठाऊक नसतात, ही आमची जुनी तक्रार आहे.

चर्नी रोड स्थानकावरून हा सर्व भाग पायी फिरता येतो. २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रोचे गिरगाव स्थानकही सुरू झाले आहे. दादरहून त्या मेट्रोने थेट येता येते.

दादर

दादरचे 'पोर्तुगीज चर्च' म्हणजे आवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन, तारणमातेचे चर्च. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी ते १५९६ मध्ये स्थापन केले. तेव्हा वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील प्रांताची राजधानी होती आणि दादर हे नारळीच्या बागांतले खेडे. त्या काळचे काही पाहायला मिळेल या अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होईल. आजची वास्तू १९७७ मध्ये पूर्ण झाली आणि तिचे शिल्पकार चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) हे आहेत. एक भव्य सभागृह बांधण्याऐवजी त्यांनी आच्छादलेल्या जागा आणि मोकळे चौक एकमेकांत गुंफले. वर काँक्रीटचे शंकूसारखे उंच घुमट आहेत. त्यातून प्रकाश उतरतो आणि हवा फिरत राहते. ज्यांना चर्च म्हणजे दोन मनोरे आणि मधे घंटा असेच हवे असते, त्यांना हे रुचत नाही. आम्हांस ते रुचते. मुंबईच्या उकाड्यात भाविकांनी पंख्याकडे न पाहता वेदीकडे पाहावे, याची सोय वास्तुरचनेनेच केली आहे.

मिस्सा झाल्यावर गोखले रस्त्याने शिवसेना भवनाच्या दिशेने चालत जावे. या टापूत 'प्रकाश' आणि 'आस्वाद' ही दोन शाकाहारी उपाहारगृहे आहेत. 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा, थालीपीठ, डाळिंबी उसळ. 'आस्वाद'च्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या एका खाद्यसंस्थेने जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान दिला आणि तेव्हापासून दारात नाव लिहून थांबावे लागते. जगातील सर्वांत चविष्ट असे काही असते यावर आमचा विश्वास नाही, पण मिसळ चांगली आहे. रविवारी सकाळी गर्दी फार. वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी आठवड्यातील अन्य दिवस निवडावा.

प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मुंबईत काम निघाले तर दादरइतकी सोयीची जागा नाही. मांसवर्ज्य जेवण येथे शोधावे लागत नाही. मात्र 'उपवासाचे पदार्थ' या पाटीखाली जे मिळते, ते तुपात तळलेले आणि इतके रुचकर असते, की त्याला आपल्या अर्थाने उपवास म्हणणे कठीण. नियम पाळला जाईल, त्याग मात्र घडणार नाही. मत्स्याहार हवा असल्यास 'सिंधुदुर्ग'मध्ये मालवणी पद्धतीची थाळी मिळते. सोलकढी शेवटी प्यावी, पहिल्यांदा नव्हे.

दादर स्थानकाच्या पश्चिमेचा फुलबाजार हेही वारसास्थळच मानायला हवे. पहाटे तेथे जाऊन पाहावे. वसईच्या मळ्यांतली फुले कोणत्या हातांतून कोणाच्या देवघरापर्यंत जातात, ते तिथे डोळ्यांदेखत घडते. आपल्याच भगिनींना तिथे ग्राहक म्हणून भेटण्याचा अनुभव वेगळा असतो.

परळ

परळला बहुतेकजण आजारपणामुळे येतात. अशा वेळी वारसास्थळे कुणाला सुचणार? परंतु रुग्णासोबत आलेल्याला पुष्कळदा चार-चार तास नुसते थांबावे लागते. त्या तासांसाठी ही माहिती.

आचार्य दोंदे मार्गावर, रुग्णालयांच्या जवळच, हाफकिन संस्था आहे. तिची मुख्य इमारत मूळची येशूसंघीयांची होती. मठ आणि प्रार्थनामंदिर. इंग्रजांनी ती येशूसंघाकडून काढून घेतली आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर तेथे राहू लागले. प्रार्थनामंदिराची मेजवानीची दालने झाली. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी येथेच पटकीने मृत्यू पावली, आणि गव्हर्नरांचा मुक्काम मलबार टेकडीकडे हलला. रिकाम्या वास्तूत १८९९ मध्ये वाल्देमार हाफकिन यांची प्लेग संशोधनशाळा आली. या ज्यू शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. वर उल्लेखिलेले गल्लीतले क्रूस आणि ही लस एकाच साथीच्या खुणा आहेत. संस्था सरकारी आहे, म्हणून आत जाण्याआधी विचारावे. बाहेरून पाहायला कुणाची आडकाठी नाही.

परळच्या बारादेवी भागात १९३१ मध्ये सापडलेले शिवाचे भव्य प्राचीन शिल्पही याच परिसरात आहे.

गिरणगावातील खाण्याचा इतिहास हा खाणावळींचा इतिहास आहे. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार खोलीत पाळीपाळीने झोपत आणि एखाद्या बाईच्या घरी महिन्याच्या बोलीवर जेवत. त्या बाईचे स्वयंपाकघर दिवसाला कितीतरी माणसे जेवू घाली, पण तिला पैसे महिनाअखेरीस मिळत आणि किराणा सावकारी व्याजाने आणावा लागे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा खाणावळवाल्या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालू झाल्या नाहीत आणि जेवायला येणारेच उरले नाहीत, तेव्हा बहुतेक खाणावळीही मिटल्या. गिरण्यांच्या आवारात आज जी झगमगती उपाहारगृहे आहेत, त्यांची शिफारस आम्ही करणार नाही. ती चांगली असतीलही. रुग्णालयांच्या आसपास पोळीभाजी आणि वरणभात देणारी लहान दुकाने आहेत. थकलेल्या माणसाला तेवढे पुरते.

लालबाग

लालबागचे नाव गणेशोत्सवामुळे सर्वतोमुखी झाले आहे. 'लालबागचा राजा' मंडळाची स्थापना १९३४ ची. त्या दहा-अकरा दिवसांत या भागातून रुग्णालयाकडे जायचे असल्यास भरपूर वेळ हाताशी ठेवूनच निघावे.

एरवी लालबाग म्हणजे 'लाडू सम्राट', जिथे लाडवांइतकीच कोथिंबीर वडीलाही मागणी असते. चिवड्याची ओळीने असलेली दुकाने. आणि मसाला बाजार. लालबागहून भायखळ्याकडे उतरले, की ग्लोरिया चर्च लागते. १६३२ मध्ये माझगावात स्थापन झालेल्या या चर्चची आजची उंच वास्तू १९१३ ची आहे. राणीच्या बागेत १८७२ मध्ये खुले झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय तेथून जवळ आहे. मुलांना घेऊन गेल्यास जुन्या मुंबईच्या मातीच्या प्रतिकृती त्यांना जरूर दाखवाव्यात.

मसाला बाजाराविषयी दोन शब्द अधिक. मार्च ते मे या काळात आपल्याकडच्या आणि मुंबईतल्या ईस्ट इंडियन घरांतल्या गृहिणी वर्षाचा मसाला करतात. वीसहून अधिक जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरायचे, म्हणून त्याला बाटली मसाला म्हणतात. लालबागला रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी अशी मिरची निवडून घेता येते आणि तिथल्या तिथे कांडूनही मिळते. प्रमाण मात्र घरून लिहून न्यावे. दुकानदार विचारतील, आणि प्रत्येक घरचे प्रमाण वेगळे असते. कांडप चालू असताना नाकाला रुमाल बांधून थोडे दूर उभे राहावे. मसाला गरम असतानाच डब्याचे झाकण लावू नये. परतीच्या गाडीत पिशवी नीट बांधून वरच्या फळीवर ठेवावी, नाहीतर दादर ते वसई सगळा डबा शिंकत राहील.