हॅरी लॉडर : खाण, रंगमंच आणि पुत्रशोक



लोकांना हसवणाऱ्याच्या घरी दुःख असते, हे आपण इतक्यांदा ऐकतो की त्याचे काही वाटेनासे होते. स्कॉटलंडच्या हॅरी लॉडरचे चरित्र वाचले, तेव्हा मला मात्र ते खरोखर जाणवले.

लॉडरचा जन्म १८७० साली एडिंबरोजवळच्या पोर्टोबेलोचा. १८८२ मध्ये वडील गेले. सात भावंडांतला हा थोरला. आधी आरब्रोथच्या गिरणीत अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा, मग हॅमिल्टनच्या कोळशाच्या खाणीत सुमारे दहा वर्षे. खाणीतल्या सोबत्यांना तो गाणी ऐकवी. त्यांच्याच आग्रहाने तो गावोगावच्या मंचांवर गेला आणि १९०० मध्ये लंडनला पोहोचला. स्कॉटिश घागरा, हातात वाकडी काठी, स्वतः रचलेली गाणी आणि मधूनमधून गप्पा, असा त्याचा खेळ असे. उच्चार अस्सल स्कॉटिश, पण शब्द बहुतेक इंग्रजीच, म्हणून परक्यांनाही ते कळत. कवी ह्यू मॅकडर्मिड यांना हे मुळीच रुचले नाही. लॉडरने स्कॉटलंडचे हसे केले, असे त्यांचे मत. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. कंजूष स्कॉट हे त्याचे हुकमी सोंग होते.

पण पुढचा भाग पाहा. २८ डिसेंबर १९१६ रोजी त्याचा एकुलता मुलगा, कॅप्टन जॉन, फ्रान्समध्ये लढाईत पडला. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी तार आली. लॉडर तेव्हा लंडनच्या शाफ्ट्सबरी थिएटरात काम करत होता. तीन दिवसांनी तो पुन्हा मंचावर उभा राहिला. त्या खेळात युद्ध जिंकून घरी परतणाऱ्या पोरांचे गाणे होते, तेही त्याने म्हटले. शोकात बुडालेल्या माणसाला आम्ही डॉक्टर विश्रांती सांगतो. या माणसाने काम पत्करले.

१९१७ मध्ये तो लहानसा पियानो मोटारीत घालून फ्रान्समधल्या आघाडीवर गेला. सैनिकांपुढे गायला, आणि त्याच दौऱ्यात मुलाच्या थडग्यापाशीही जाऊन आला. जायबंदी स्कॉटिश सैनिकांसाठी त्याने मोठा निधी उभारला. १९१९ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला.

मुलाच्या आठवणीतून पुढे त्याने एक गाणे रचले. वाट संपेपर्यंत चालत राहा, एवढाच त्याचा आशय. लॉडर १९५० साली वारला. बर्मिंगहॅमच्या फुटबॉल संघाचे चाहते आजही मैदानात ते गाणे गातात.